गोव्यात जुनं घर घेताना: एक-चौदावर एक नाव, दस्तावर सतरा सह्या

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही पुण्याचे, वय चौपन्न, निवृत्तीला अजून सहा वर्षं. बार्देश तालुक्यातल्या एका गावात शंभरेक वर्षांचं चिऱ्याचं कौलारू घर तुम्ही दोघांनी पाहिलंय, भोवती धरून ७०० चौरस मीटर जागा, मागणी १ कोटी ६० लाखांची. सध्या सुट्ट्यांत जायचं, मधल्या काळात पर्यटकांना भाड्याने द्यायचं आणि निवृत्तीनंतर कायमचं तिथेच राहायचं. एजंट सांगतो की कागद अगदी साफ आहेत, उताऱ्यावर एकच नाव आहे, आणखी दोन गिऱ्हाइकं लागली आहेत, तेव्हा या महिन्यात दहा लाख टोकन द्या. भाव बरोबर आहे का आणि आणखी काय तपासावं, हे तुम्ही विचारलंय.

भावाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा विषय नाही आणि त्याच गावात दोन वाड्यांमध्ये भाव दुप्पट फरकाने बदलतो. मी म्हापशात वकिली करतो, बावीस वर्षं झाली, बहुतेक काम जमिनीच्या मालकीहक्काचा शोध घेण्याचं. मूळचा सावंतवाडीचा, त्यामुळे सातबारा आणि एक-चौदा, म्हणजे गोव्यातला तसाच जमिनीचा उतारा, दोन्ही घरचेच. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींची एक चूक मला सारखी दिसते. गोवा शेजारचा, भाषा कळते, जेवण ओळखीचं, देवळात आपल्यासारखीच आरती. म्हणून जमिनीचे कागदही आपल्यासारखेच असणार असं ते धरून चालतात. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की वारसाहक्काच्या बाबतीत तुम्ही दुसऱ्या देशात आलात असंच समजा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो खरोखरच दुसरा देश होता. राज्य बदललं, पण १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कौटुंबिक आणि वारशाच्या बाबतीत तसाच चालू राहिला. त्यातला वारशाचा बराच भाग आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आलाय, पण गाभा तोच आहे.

म्हणून तुमचा खरा प्रश्न “कागद साफ आहेत का” हा नाही. हे घर आज नेमक्या कोणाकोणाचं आहे, आणि त्या प्रत्येकाची सही मिळणार आहे का, हा आहे. घर कसं आहे ते नंतर बघू.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधी जे होतं ते, लग्नानंतर जे मिळवलं ते, आणि आईवडिलांकडून वारशाने आलं तेही. प्रत्येकाचा निम्मा वाटा. उताऱ्यावर नवऱ्याचं एकट्याचं नाव असलं तरी बायकोच्या सहीशिवाय तो घर विकू शकत नाही. मुलगा-मुलगी समान वारस, आणि मुलीला वारशाने आलेला हिस्सा तिच्या नवऱ्याबरोबर सामाईक झालेला असतो, म्हणून जावईही सही करतो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो दोनदा विचारतो, “जावई? सासऱ्याच्या घरावर?” हो, जावई. आणि सूनही.

मृत्युपत्राचंही तसंच. “आईने मरताना घर मलाच लिहून दिलं” असं विकणारा म्हणाला, तरी मुलं असलेल्या माणसाला इथे आपल्या मालमत्तेच्या निम्म्याच भागाची इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावता येते. उरलेला निम्मा भाग कायद्याने वारसांचाच. तेव्हा मृत्युपत्र दाखवलं म्हणून बाकीच्या भावंडांचा विषय संपत नाही.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते माझ्याकडच्या एका कामावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी ठाण्याचं एक जोडपं माझ्याकडे आलं. घर तुमच्यासारखंच, उताऱ्यावर एकच नाव. मी विचारलं, हे गृहस्थ कोण? विकणारा म्हणाला, माझे आजोबा. आजोबा-आजी केव्हाच वारलेले. त्यांना पाच मुलं. त्यातली दोन हयात, आपापल्या जोडीदारासह, म्हणजे चार सह्या. तिसरा मुलगा वारला, त्याची विधवा, तीन मुलं, त्यातल्या दोघांची लग्नं झालेली: सहा सह्या. चौथा वारला, बायकोही गेली, मुलं दोन, दोघंही विवाहित: चार. पाचवी मुलगी, तिचा नवरा सासू-सासऱ्यांच्या नंतर वारला, म्हणजे त्याचा निम्मा हिस्सा त्याच्या दोन अविवाहित मुलांकडे गेला: तिघं. एकूण सतरा. उताऱ्यावर नाव एक, दस्तावर सह्या सतरा. त्यातले चौघं इंग्लंडात, दोघं पोर्तुगालमध्ये. एक जावई बायकोपासून दहा वर्षं वेगळा राहत होता, पण घटस्फोट झालेला नव्हता. तो सही द्यायला तयार नव्हता, आणि त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. शेवटी त्याच्या हिश्शाची रक्कम वेगळ्या धनादेशाने द्यायचं ठरलं तेव्हा तो आला. पहिल्या भेटीपासून नोंदणीपर्यंत दोन वर्षं आणि आठ महिने गेले. त्या जोडप्याने टोकन दिलेलं नव्हतं म्हणून त्यांना धीर धरता आला.

तेव्हा पहिलं काम: विकणाऱ्याबरोबर एका कोऱ्या कागदावर त्याची वंशावळ काढा. उताऱ्यावरच्या माणसापासून खाली, प्रत्येक नावापुढे जिवंत की मृत, लग्न झालं की नाही, कुठे राहतो. मी हे स्वतःच्या हाताने काढतो, संगणकावर नाही, कारण माणूस बोलता बोलता आठवतो: “हां, एक मावशी होती, ती नैरोबीला गेली.” त्या मावशीमुळेच पुढे दस्त अडतो. मग त्या वंशावळीला जन्म, लग्न आणि मृत्यूच्या दाखल्यांचा आधार हवा. लग्नाआधी वेगळा करार झाला होता का, हेही लग्नाच्या नोंदीवरून तपासून घ्यायचं. वारस कोण हे ठरवणारा दस्त इथे विशेष नोटरीपुढे होतो. वाटण्या एकमताने होत नसतील तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करून घेण्याचा दावा चालतो. विकणाऱ्याकडे इन्व्हेंटरीचा अंतिम आदेश असेल आणि त्यात हे घर त्याच्या वाट्याला आलेलं असेल, तर तुमचं निम्मं काम झालं. नसेल तर “नंतर करून देतो” यावर एक रुपयाही पुढे सरकवू नका.

आता एक-चौदाच्या उताऱ्याबद्दल, कारण एजंट त्याच्यावरच भर देतोय. गोव्यातली आजची मोजणी १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली, मुख्यतः सत्तरच्या दशकात झाली. मोजणीदार आले तेव्हा घरी कोण होतं, कोणी नाव सांगितलं, यावर पुष्कळ नोंदी झाल्या. थोरला भाऊ घरी होता, त्याचं नाव लागलं. धाकटे मुंबईत बोटीवर होते, त्यांचं राहिलं. म्हणून एक-चौदा ही महसुली नोंद आहे, मालकीचा दाखला नाही. मालकी शोधायची तर त्याच्या मागे जावं लागतं: पोर्तुगीज काळातली जमीन-नोंदणीची पुस्तकं, ज्यात मालमत्तेचं वर्णन आणि कोणाच्या नावे नोंद ते असतं, आणि ‘मात्रीझ’, म्हणजे घरपट्टी-जमीनपट्टीसाठीची जुनी नोंदवही. ही हस्ताक्षरातली पोर्तुगीज पुस्तकं आहेत. त्यातलं वर्णन “पूर्वेला अमक्याची बाग, पश्चिमेला ओहोळ” अशा पद्धतीचं असतं, आणि आजच्या सर्व्हे क्रमांकाशी ते जुळवणं हेच खरं शोधाचं काम. पोर्तुगीज वाचता येणारा माणूस तुमच्या वकिलाकडे आहे का, हे फी ठरवण्याआधी विचारा.

त्या उताऱ्याचा खालचा भागही वाचा. लोक वरचं नाव बघतात आणि पान उलटतात. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना, या दोन ठिकाणी माझी नजर आधी जाते. तिथे एखादं नाव आणि पुढे ‘मुंडकार’ असं लिहिलेलं असलं तर थांबा.

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत त्याच्या संमतीने घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस. पूर्वी तो बागेची राखण करायचा, नारळ उतरवायचा, मालकाच्या बोलावण्याला जायचा, आणि मालकाच्या मनात आलं की त्याला बिऱ्हाड उचलावं लागायचं. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिलं आणि आपलं घर विकत घेण्याचा हक्कही दिला. तो कायदा मला योग्य वाटतो. माझ्या अशिलांनी मुंडकाराला ‘अडचण’ म्हटलेलं मी चालवून घेत नाही. पण हिशोब तुम्हाला कळायला हवा: पंचायत क्षेत्रात मुंडकाराला घराभोवतीची धरून ३०० चौरस मीटरपर्यंत जागा मिळू शकते. तुमच्या ७०० पैकी ३०० गेले, तर तुम्ही घेताय ते वेगळंच काहीतरी आहे. पगारी नोकर किंवा भाडेकरू कायद्याने मुंडकार ठरत नाही, पण कोण काय आहे हे ठरवायला मामलेदारापुढे वर्षं जातात. आणि उताऱ्यावर नाव नसलं म्हणजे मुंडकार नाहीच असंही नाही, तो मागाहूनही अर्ज करू शकतो.

म्हणून मी जागेवर जातो तेव्हा समोरच्या बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या बैठकीचे फोटो काढत नाही, मागच्या बाजूला जातो. एकदा शिवोली भागात विकणाऱ्याने सांगितलं, मागची खोली गुरांची आहे, रिकामीच असते. मी मागे गेलो तर दारात ताजं शेणाने सारवलेलं अंगण, तुळशीपुढे विझलेली पणती, आणि दोरीवर शाळेचा गणवेश वाळत घातलेला. शाळेचा गणवेश दोरीवर असेल तर तिथे कुटुंब राहतं, याला दुसरा पुरावा लागत नाही. त्या बाईंशी पाच मिनिटं बोललो. सासऱ्यांच्या वेळेपासून त्या तिथेच होत्या, घरपट्टीची पावती त्यांच्या नवऱ्याच्या नावे होती. त्या व्यवहारात आधी त्या कुटुंबाची जागा मोजून त्यांच्या नावे झाली, मग उरलेली जागा विकली गेली. सगळ्यांनाच ते बरं पडलं.

बनावट कागदांचाही एक धोका आहे. मालक परदेशात, किंवा वारस नसलेले, अशी घरं हेरून जुने पोर्तुगीज दस्त खोटे तयार करून सरकारी पुराभिलेखात घुसवल्याची प्रकरणं उघड झाली. त्यासाठी २०२२ मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. तेव्हा पुराभिलेखाचा शिक्का असलेली प्रत मिळाली एवढ्याने समाधान मानू नका. शेजाऱ्यांना विचारा. गावातल्या पोस्टमनला, पाव विकणाऱ्या पोदेराला विचारा की या घरात शेवटचं कोण राहत होतं. रस्त्याच्या पलीकडे राहणारी म्हातारी जे नाव सांगते आणि दस्तात जे नाव आहे ते जुळलं पाहिजे. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची ती एका इंग्रजी आणि एका मराठी दैनिकात, आणि ते मराठी दैनिक त्या गावात खरोखर वाचलं जाणारं असू दे.

वारसांपैकी कोणी परदेशी असेल, आणि बार्देशात बहुतेक घरांत असतं, तर दोन गोष्टी वाढतात. एक म्हणजे मुखत्यारपत्र. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथे अपोस्टील (परदेशी कागद इथे चालण्यासाठीचं प्रमाणीकरण) झालेलं किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं हवं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरलेली हवी. देणारा मेला की मुखत्यारपत्र संपतं. मी दस्ताच्या आठवड्यात प्रत्येक परदेशस्थ वारसाशी व्हिडिओवर बोलतो, पासपोर्ट हातात धरायला लावतो आणि विचारतो, “हे घर विकताय ते तुम्हाला ठाऊक आहे ना, किती पैसे मिळणार ते ठाऊक आहे ना?” एकदा समोरून उत्तर आलं की ज्यांनी मुखत्यारपत्र दिलं होतं ते वडील चार महिन्यांपूर्वी वारले. भारतातल्या चुलतभावाला ते कळवायचं राहून गेलं होतं. दस्त झाला असता तर माझ्या अशिलाच्या हाती त्या हिश्शापुरतं काहीच लागलं नसतं.

दुसरी गोष्ट कर. विकणारा भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तुम्ही १ टक्का टीडीएस कापता, हे तुम्हाला पुण्यातल्या फ्लॅटमुळे माहीत असेल. विकणारा अनिवासी असेल तर तो नियम लागू नाही. त्याच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा दर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि कापण्याची जबाबदारी तुमची. कापला नाहीत तर आयकर खातं लंडनला जात नाही, तुमच्याकडे येतं, व्याजासकट. आयकर खात्याकडून कमी दराने कापण्याचा दाखला विकणाऱ्याने आधी आणला तर दोघांचंही सोपं होतं, पण त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम पहिल्या महिन्यातच सुरू करायला सांगा. इथे पासपोर्ट कुठला हे महत्त्वाचं नाही. माणूस कर भरण्यापुरता कुठचा रहिवासी आहे ते बघायचं.

खर्चाचं एक वाक्यात सांगतो: महाराष्ट्रात नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये, गोव्यात ते किमतीच्या टक्केवारीने जातं, म्हणून तुमच्या आकड्याला स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी मिळून आठ टक्क्यांच्या आसपास बाजूला ठेवा.

आता जागा. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये तुमची ७०० चौरस मीटर जागा कुठल्या विभागात आहे याचा दाखला नगरनियोजन खात्याकडून काढा. घर वसाहत विभागात आणि मागची अर्धी जागा बागायतीत, असं खूपदा असतं. मग त्या अर्ध्यात तुम्हाला आंबा-फणस लावता येईल, पाहुण्यांची खोली बांधता येणार नाही. “विभाग बदलून घेऊ, आता सोपं झालंय” असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात घातलेल्या १७(२) या कलमाखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. असल्या बदलावर ज्यांनी पैसे लावले ते आज न्यायालयाच्या तारखा मोजताहेत. भातशेतीची जमीन तर २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला घेताच येत नाही, म्हणजे व्यवहारात शेजारचं शेत ‘फुकट’ जोडून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. समुद्र किंवा भरतीचं पाणी येणारी नदी जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची रेषा नकाशावर टाकून घ्या. बार्देशात नद्या आत खोलवर येतात, गाव किनाऱ्यावर नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

सर्व्हेच्या नकाशात घराची आकृती काढलेली आहे का, आणि आजच्या घराशी ती जुळते का, हेही पाहा. मागे वाढवलेलं स्वयंपाकघर, बाजूचं शौचालय नकाशात नसेल तर त्याला पंचायतीचा परवाना कुठे आहे ते विचारा. घरपट्टीची पावती आणि घर क्रमांक म्हणजे मालकी नव्हे आणि परवानाही नव्हे.

घराच्या बांधकामाबद्दल मी अधिकाराने बोलणार नाही, त्यासाठी जुन्या घरांचं काम केलेला स्थानिक गवंडी आणि सुतार दोघांना घेऊन जा. पण मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर कोणीतरी सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत रंग चढवलेला असेल तर सावध व्हा. आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि खालून हातभर लोणा धरतो. विक्रीआधी नवा रंग मारलेल्या घराची भिंत मी नखाने खरवडून बघतो. वाशांना वाळवी आहे का ते भिंतीवर टेकलेल्या टोकाशी कळतं, मधोमध नाही.

मधल्या सहा वर्षांत पर्यटकांना भाड्याने देण्याचा तुमचा बेत आहे. त्यासाठी १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, वीज-पाण्याचा दर बदलू शकतो, आणि पंचायतीचा विषय निघतो. हे सगळं करता येतं. माझी हरकत दुसरी आहे. सहा वर्षं दर शनिवार-रविवारी अनोळखी माणसांना रात्री दोनपर्यंत गाणी लावू देणारं घर म्हणून गाव तुम्हाला ओळखेल, आणि सातव्या वर्षी तुम्ही त्याच गावात म्हातारपण काढायला जाणार. पाण्याचा टँकर कोणाच्या दारातून वळतो, विहिरीचं पाणी मे महिन्यात कोणाचं आटतं, हे गाव विसरत नाही. कायमचं राहायचा विचार खरा असेल तर भाड्याच्या उत्पन्नावर कर्जाचे हप्ते बेतू नका. वर्षाच्या करारावर एखादं शिक्षक किंवा डॉक्टरचं कुटुंब ठेवा, पैसे कमी मिळतील पण घर राहतं राहील. बंद घराला गोव्याचा पाऊस दोन वर्षांत खातो.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. तुमचे आईवडील पुण्यात आहेत का, मुलं कुठे आहेत, तुमच्या सौभाग्यवतींना खरोखर तिथे राहायचंय की तुमच्या हौसेला त्या हो म्हणताहेत. हे मी प्रत्येक जोडप्याला विचारतो, आणि उत्तर नेहमी नवरा देतो. म्हणून दुसऱ्यांदा विचारतो, त्यांच्याकडे बघून. बँक कर्ज देणार का, हेही तुमच्या कागदांवर ठरेल. अशा घरावर बँकेच्या वकिलाने हात आखडता घेतला तर एजंट म्हणतो रोखीने करू. बँकेने का नाकारलं ते आधी लेखी मागा, तो शोध तुम्हाला फुकटात मिळालेला असतो.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. त्याच गावात किंवा शेजारच्या गावात जूनपासून अकरा महिन्यांचं भाड्याचं घर घेतलं असतं. डिसेंबरातला गोवा सगळ्यांनाच आवडतो. जुलैत तीन दिवस वीज नाही, कपाटातल्या कपड्यांना बुरशी, अंगणात साप, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भिजत भाजी आणणं, यात तुम्ही दोघं रमलात तर मग घर बघा. रात्री छातीत दुखलं तर त्या गावातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पोहोचायला किती वेळ लागतो तेही एकदा गाडीने जाऊन पाहा. हे एक वर्ष वाया गेलं असं मला आजवर कोणी म्हणालेलं नाही. त्याच काळात वारसांची कागदपत्रंही होत राहतात.

एका गोष्टीचा तुम्ही उल्लेख केला नाही, पण पुष्कळजण मागाहून विचारतात: त्यापेक्षा सीमेच्या अलीकडे, शिरोडा, बांदा, सावंतवाडीत घेतलं तर? मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रश्न वाढलाय. कायदा तुमच्या ओळखीचा असेल हे खरं. पण तिथे शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावे लागता, आणि सिंधुदुर्गातला सामाईक सातबारा म्हणजे एका गुंठ्यावर साठ नावं. आंबोली, चौकुळ, गेळे भागात कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे जुन्या कबुलायतीने गावकऱ्यांकडे सामाईक असलेल्या जमिनींचा प्रश्न वेगळाच. स्वस्त आहे म्हणून सोपं आहे असं समजून जाऊ नका. बिनशेती झालेला, स्वतंत्र उताऱ्याचा तुकडा मिळाला तर मात्र जरूर विचार करा.

आता या आठवड्यात करण्यासारखं. दहा लाख टोकन देऊ नका. द्यायचंच असेल तर किरकोळ रक्कम, तीही चेकने, आणि “सर्व वारसांच्या व त्यांच्या जोडीदारांच्या सह्या न मिळाल्यास किंवा मुंडकाराचा हक्क निघाल्यास पूर्ण परत” असं लिहून घेऊन. दुसरी दोन गिऱ्हाइकं खरोखर असतील तर त्यांनाही याच सगळ्या सह्या गोळा कराव्या लागणार आहेत. गावाचं नाव आणि सर्व्हे क्रमांक एजंटकडून घ्या. एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो, तो काढून इतर हक्कांचा रकाना वाचा. मग विकणाऱ्याला फोन करून एवढंच विचारा की उताऱ्यावर ज्यांचं नाव आहे ते आज हयात आहेत का. “नाही” असं उत्तर आलं तर त्याला भेटायला जाताना कोरा कागद आणि पेन घेऊन जा.